मिल्टन ते वर्ड्‌सवर्थ : दोन काळांच्या इंग्रजी कवितेचे प्राध्यापक व्हायचे असेल तर

इंग्रजीच्या विभागांत सोळाव्या-सतराव्या शतकांचे अभ्यासक आणि रोमँटिक कवितेचे (अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंतच्या) अभ्यासक सहसा वेगवेगळे असतात. ब्रिटनमध्ये प्राध्यापकपदांच्या जाहिरातीही बहुधा एकेका काळापुरत्याच निघतात. म्हणून ज्याला दोन्हींवर काम करायचे आहे, त्याने दोन्ही काळांना जोडणारा एक धागा सुरुवातीलाच पक्का करावा. सतराव्या शतकातला कवी जॉन मिल्टन हा तसा धागा आहे, कारण ब्लेक, वर्ड्‌सवर्थ, शेली आणि कीट्स या चौघा रोमँटिक कवींनाही त्याला टाळून पुढे जाता आले नाही.

मात्र ‘मिल्टनचा प्रभाव’ एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. प्रश्न एखाद्या ओळीतून निघावा लागतो. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या शेवटी आदम आणि ईव्ह नंदनवनाबाहेर पडतात, तेव्हा सारे जग त्यांच्यापुढे पसरलेले असते आणि ईश्वरी योजना त्यांची वाटाडी असते. ‘द प्रिल्यूड’ या आत्मचरित्रपर दीर्घकाव्याच्या आरंभी वर्ड्‌सवर्थ शहराबाहेर पडतो, पृथ्वी आपल्यापुढे पसरली आहे असे जवळपास त्याच शब्दांत म्हणतो, पण वाटाड्या म्हणून एखादा भटका ढग मिळाला तरी आपण वाट चुकणार नाही, असे आनंदाने सांगतो. शिक्षेची वाट मोकळीक कशी झाली आणि ईश्वराच्या जागी ढग कसा आला, हा प्रबंधाजोगा प्रश्न आहे.

यानंतर आपण कोणती संहिता वाचत आहोत, हे तपासावे. ‘पॅरडाइज लॉस्ट’ 1667 मध्ये दहा सर्गांचे होते, 1674 मध्ये बारा सर्गांचे झाले. ‘द प्रिल्यूड’चा 1805 चा तेरा सर्गांचा खर्डा 1926 पर्यंत छापलाच गेला नव्हता, त्यामुळे व्हिक्टोरियन वाचकांना 1850 चे, कवीच्या मृत्यूनंतर निघालेले चौदा सर्गांचे रूपच ठाऊक होते. मिल्टनच्या आधीच्या पिढीतला कवी जॉन डन याच्या कविता तर मुख्यतः हस्तलिखित नकलांतून फिरल्या आणि त्यांचा संग्रह 1633 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघाला. म्हणूनच ‘सेक्रेटरी हँड’ हे त्या काळचे वळण वाचण्याचा सराव टाळता येत नाही. साहित्यसिद्धान्ताची पुस्तके थोडी मागे पडली तरी चालतील, असे माझे मत आहे. ब्लेकची चित्रांकित पुस्तके ‘विल्यम ब्लेक अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, वर्ड्‌सवर्थच्या हस्तलिखितांसाठी मात्र इंग्लंडमधले ग्रासमियर हे त्याचे गाव गाठावे.

नोकरीचा मार्ग थोडक्यात असा. ब्रिटनमध्ये पीएच.डी.ला साधारण तीन-चार वर्षे लागतात, शेवटी अंतर्गत आणि बहिःस्थ परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा होते आणि पुढे बहुतेकांची काही वर्षे मुदतीच्या नेमणुकांवर जातात. तेथे लेक्चररपासून सुरुवात होते आणि प्रोफेसर हे सर्वांत वरचे पद असते. महाराष्ट्रात नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन लागलेला उमेदवार पहिल्याच दिवशी ‘प्राध्यापक’ म्हणवला जातो, त्यामुळे परदेशी अर्ज करताना पदनाम जपून लिहावे. प्रबंध जसाच्या तसा प्रकाशकाकडे धाडू नये; परीक्षकांसाठी लिहिलेला पूर्वसंशोधनाचा आढावा आधी कापावा. अर्जात एक काळ आपला मुख्य म्हणून ठामपणे मांडावा आणि दुसरा आपण शिकवूही शकतो, हे दोन अभ्यासक्रमांच्या आराखड्यांसह दाखवावे.