‘आम्ही’ की ‘आपण’? डिस्टोपियन कादंबरीवर प्रबंधिका लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी ‘डिस्टोपियन कादंबरीतला (म्हणजे भयाण, जुलमी कल्पित समाजाच्या कादंबरीतला) व्यक्तिवाद आणि समूहवाद’ हा विषय दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. विषय खरंच चांगला आहे. पण त्यात एक खड्डा आहे आणि पडणाऱ्याला तो बहुधा तीस-चाळीस पानं लिहून झाल्यावर दिसतो. कादंबऱ्यांची ओळख तुम्हाला आहे असं धरून मी मुख्यतः त्या खड्ड्याबद्दलच लिहिते.

खड्डा असा: सत्ता म्हणजे समूह, नायक म्हणजे व्यक्ती. सत्ता जुलमी, म्हणून समूह जुलमी. नायक चिरडला जातो, म्हणून लेखक व्यक्तिवादी. हे समीकरण मांडलं की प्रत्येक कादंबरी त्यात झटक्यात बसते, आणि इतक्या झटक्यात बसते म्हणूनच थांबायला हवं.

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ घ्या. ‘द्वेषाची दोन मिनिटं’ या रोजच्या सक्तीच्या कार्यक्रमात सगळे एका सुरात किंचाळतात, म्हणून आपण लिहून मोकळे होतो की इथे समूह व्यक्तीला गिळतो. पण त्या सभागृहात समूह कुठे आहे? शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी मनातलं बोलायची सोय नाही. नायक विन्स्टनच्या शेजारी राहणाऱ्या पार्सन्सची सात वर्षांची मुलगी कुलपाच्या भोकाला कान लावून बापाचं झोपेतलं बरळणं ऐकते आणि त्याला पकडून देते, वर बापाला तिचा अभिमान वाटतो. कुटुंब, मैत्री, शेजार ही माणसं एकत्र येण्याची प्रत्येक जागा सत्ताधारी पक्षाने आधी मोडली आहे. उरलेत सुटे सुटे लोक, एकाच पडद्याकडे तोंड करून बसलेले. राजकीय विचारवंत हाना आरेन्टने ‘द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरियनिझम’ या ग्रंथात हेच मांडलं: सर्वंकष सत्तेचं पीक माणसाच्या एकाकीपणावर येतं. आता दुसऱ्या भागाचं सातवं प्रकरण पुन्हा वाचा. विन्स्टनला आईचा हात आठवतो, आजारी मुलीभोवती टाकलेला, उपयोग शून्य असलेला. आणि त्याला कळतं की प्रोल, म्हणजे पक्षाबाहेरचे कष्टकरी लोक, पक्षाशी, देशाशी किंवा विचाराशी नव्हे, तर एकमेकांशी प्रामाणिक राहिले. पक्षाच्या विरुद्ध टोकाला लेखकाने हे एकमेकांशी असणं ठेवलंय. स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणाऱ्या ऑर्वेलला निव्वळ व्यक्तिवादाचा झेंडा दिलात, तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न त्यावर येईल.

समीकरण मोडणाऱ्या कथाही शोधून वाचाच. ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही १९०९ची. तिथे प्रत्येक माणूस मधमाशीच्या घरासारख्या खोलीत एकटा राहतो, स्पर्शाचीही किळस करतो. ऑक्टेव्हिया बटलरच्या १९९३च्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’मध्ये समाजच कोसळलाय, जो तो आपापल्या भिंतीआड. तिथली नायिका तगते ती रस्त्यावर भेटेल त्याला जोडत गेल्यामुळे. आणि उर्सुला ले ग्विनच्या ‘द डिस्पझेस्ड’मधल्या अराज्यवादी समाजात सरकार नाही, मालकी नाही, लहान मुलगी ‘माझा रुमाल’ न म्हणता ‘मी वापरते तो रुमाल’ म्हणते. तरी शेजाऱ्यांच्या मताचा दाब नायक शेवेकचा श्वास कोंडतो. समूह आहे, राज्यसत्ता नाही, आणि घुसमट आहे. यांतली एक तरी कृती तुमच्या प्रबंधिकेत असू द्या.

मग मोजायचं काय? सर्वनामं. इथे मराठीत लिहिणाऱ्यांच्या हातात एक हत्यार आहे, आणि ते न वापरणं मला खरोखर खटकतं. इंग्रजीत ‘वी’ एकच. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं: ऐकणारा आत की बाहेर, हे आपली भाषा बोलतानाच सांगून टाकते. रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वी’ या कादंबरीत निवेदक डी-५०३ वहीतल्या पहिल्या नोंदीत परग्रहावरच्या अनोळखी वाचकांशी बोलतोय. ते ‘आम्ही’. पण त्याचं यान निघालंय त्याच वाचकांना विवेकाच्या जोखडाखाली आणायला, म्हणजे ‘आम्ही’चं सक्तीने ‘आपण’ करायला. शहराभोवतीच्या हिरव्या भिंतीपलीकडच्या बंडखोरांचं ‘आम्ही’ आणखी वेगळं, आणि हा माणूस मध्ये लटकलेला. शस्त्रक्रियेने कल्पनाशक्ती काढून घेतल्यावर शेवटच्या ओळींत तो आपण जिंकणार असं ठामपणे लिहितो, तेव्हा त्या शब्दात कोण कोण उरलं? माझ्या मते हा प्रश्न एका अख्ख्या प्रकरणाचा ऐवज आहे. तसंच ‘१९८४’मध्ये पक्षाचा अधिकारी ओब्रायन छळखोलीत सत्ता सामूहिक असते असं सांगतो, ते ‘आम्ही’. विन्स्टन त्यात नाही.

कृती सोपी आहे, वेळखाऊ आहे. पहिलं वाचन नुसतं. दुसऱ्या वाचनात वही आडवी धरून पाच रकाने: पान, वाक्य, बोलणारा, ऐकणारा, आणि ‘आम्ही’ की ‘आपण’. प्रत्येक ठिकाणी ठरवा, आणि जिथे ठरत नाही तिथे लाल खूण करा. ‘वी’च्या ४० नोंदींना रोज ४ या हिशेबाने १० दिवस लागतात. लाल खुणा जिथे दाटतात तिथे तुमचं प्रकरण आहे.

एक सावधगिरी. भाषांतर एकच धरा आणि पहिल्याच तळटीपेत सांगा. ‘वी’च्या झिलबुर्गने केलेल्या १९२४च्या इंग्रजी भाषांतरात राज्याचं नाव ‘युनायटेड स्टेट’ आहे, मिरा गिन्सबर्गच्या १९७२च्या भाषांतरात ‘वन स्टेट’. जोडलेलं राज्य आणि एकच राज्य: तुमचा विषयच या फरकावर उभा आहे, आणि दोन्ही प्रतींतली अवतरणं मिसळलीत की युक्तिवाद ढासळतो. आयन रँडच्या ‘अँथम’चंही तसंच. १९३८ची लंडन आवृत्ती आणि १९४६ची सुधारलेली अमेरिकन आवृत्ती शब्दांनी जुळत नाहीत. त्यातला नायक स्वतःलाही ‘आम्ही’ म्हणतो आणि ‘मी’ अकराव्या प्रकरणात उगवतो. अशा पुस्तकात एकेक शब्द महाग असतो.

पाश्चात्त्य म्हणजे व्यक्तिवादी, भारतीय म्हणजे समूहवादी ही वाक्यं कृपा करून लिहू नका. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेडे या अभ्यासकाचे १९८०चे व्यक्तिवादाचे निर्देशांक एका कंपनीच्या नोकरदारांच्या प्रश्नावल्यांतून निघालेल्या देशांच्या सरासऱ्या आहेत. ते एकेका माणसाला लावू नयेत हे त्यानेच बजावलंय. मग काल्पनिक पात्राला ते कुठून लागणार?

गोव्यातल्या विद्यार्थ्यांना आणखी एक मोह होतो, गांवकारीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेचा. कोमुनिदादीची (गांवकारीचं पोर्तुगीज नाव) जमीन सामाईक, उत्पन्नातून गांवकारांना जोण, म्हणजे वाटा, म्हणून हा आपला चांगला समूहवाद असं एक गोड पान शेवटी जोडलं जातं. ते जोडायचं तर पूर्ण जोडा. गांवकाराचा हक्क परंपरेने पुरुषांच्या वंशातून चालत आला. बायका आणि गावातली इतर कष्टकरी माणसं त्या ‘आपण’मध्ये नव्हती. तुलनेला मला खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, जास्त उपयोगी वाटतं. शेताचे तुकडे ज्याचे त्याचे, बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारं दार) सगळ्यांचे. बांधाला एका जागी भगदाड पडलं की खारं पाणी कुणाचं शेत ते विचारत नाही. व्यक्ती आणि समूह ही तराजूची दोन पारडी नव्हेत, हे त्यात डोळ्यांना दिसतं. मात्र एका परिच्छेदावर जाऊ नका, तुमचा विषय कादंबरी आहे.

सारांशाच्या साइट्स आणि दहा मिनिटांचे व्हिडिओ यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. वरचं समीकरण तिथूनच येतं. मूळ पुस्तक परवडत नसेल तर पणजीतल्या पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचा कॅटलॉग आधी पाहा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा, पण सारांशावर प्रकरण उभं करू नका. मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका. तुमच्या एका पानावर लाल पेन चालवून ते आठवड्यात परत देणारी व्यक्ती बघा. ‘छान चाललंय’ एवढंच ऐकायला मिळत असेल तर कुणी वाचत नाहीय.

आणि अर्धी प्रबंधिका त्या समीकरणावर लिहून झाली असेल तर घाबरू नका, फाडूही नका. अवतरणं, कथानकाचं विश्लेषण, संदर्भ, सगळं वापरता येतं. ‘समूह’ हा शब्द जिथे जिथे लिहिलाय तिथे थांबून तो खोडा आणि त्या जागी नेमकं कोण आहे ते लिहा: पक्ष, पोलीस, शेजारी, कुटुंब, प्रोल, बंडखोर. दोन-तीन दिवसांचं काम आहे. वाक्यं आपोआप वाकू लागतात, काही उलटतात, आणि जी उलटतात त्यांच्याभोवती नवं प्रकरण लिहायचं. ५०-६० पानांत दोन कादंबऱ्या पुरेत, तिसरी फक्त विरोधी उदाहरण म्हणून ४-५ पानांत. सर्वनामांचा तक्ता परिशिष्टात लावा, पानांच्या आकड्यांसकट, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यातल्या लाल खुणा पुन्हा एकदा पुस्तकाशी ताडून घ्या.