क्लस्टर डोकेदुखी: डोळ्यामागची कळ ऑक्सिजनने थांबली, माझा अनुभव

लक्षण असं: रोज रात्री ठरावीक वेळी उजव्या डोळ्यामागे असह्य कळ. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी येतं, नाकपुडी चोंदते, पापणी उतरते. पडून राहवत नाही, येरझाऱ्या घालाव्या लागतात. तासाभराने आपोआप थांबतं. अर्धशिशीत माणूस अंधारात निपचित पडतो. इथे नेमकं उलटं, आणि निदानाच्या वेळी डॉक्टरांना हाच फरक सांगा.

सायनसचा उपचार झाला, दाढ काढली, साध्या वेदनाशामक गोळ्या झाल्या. गोळीचा असर होईपर्यंत झटका संपलेला असायचा. फार हताश व्हायला झालं.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टने एमआरआय करून इतर कारणं वगळली आणि ऑक्सिजन लिहून दिला. क्रम असा:

कळ सुरू होताच, वाट न पाहता, खुर्चीत किंचित पुढे झुकून बसायचं. मास्क पिशवीवाला, नॉन-रिब्रीदर (सोडलेला श्वास परत आत येऊ न देणारा). आधी पिशवी पूर्ण फुगू द्यायची. मग मास्क घट्ट बसवून मिनिटाला 12 ते 15 लिटर, 15 ते 20 मिनिटं. साधारण 5 लिटरचा घरगुती कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) इथे पुरत नाही, सिलिंडरच हवा. रेग्युलेटर 15 लिटरपर्यंतचा आहे ना, हे घेतानाच बघा. 1500 लिटरचा सिलिंडर पूर्ण प्रवाहावर सुमारे 100 मिनिटं चालतो. जवळपास दिवा, उदबत्ती, सिगारेट अजिबात नको. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

झटके मुळात कमी व्हावेत म्हणून वेरापामिल (मुळात रक्तदाब-हृदयाचं औषध) सुरू आहे. डोस वाढवताना प्रत्येक वेळी ईसीजी काढतात. झटक्यांचा काळ संपेपर्यंत दारू पूर्ण बंद.