गॅस भरण्याआधी पाटीचा फोटो काढावा

एप्रिल उजाडला की वडोदऱ्यात एसीचा मेकॅनिक मिळणे दुरापास्त होते, आणि मिळालाच तर तो दारातूनच ‘गॅस संपलाय’ असे सांगून मोकळा होतो. म्हणून त्याला बोलावण्याआधी मेन स्विच बंद करून एसीच्या आतली हवा गाळणारी जाळी धुवावी व सावलीत वाळवून बसवावी. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तिच्यावर गोधडीसारखा धुळीचा थर निघाला आणि काम तेवढ्यावरच भागले. तरीही थंडावा न आल्यास बाहेरच्या युनिटवरील पाटीचा फोटो आधीच पाठवावा, कारण तिच्यावर आर-३२ किंवा आर-४१०ए असा वायूचा प्रकार आणि त्याचे वजन छापलेले असते. बंदिस्त नळ्यांतला वायू आपोआप संपत नाही, त्यामुळे गळती बुजवल्याशिवाय तो भरू देऊ नये. आर-३२ पेट घेऊ शकतो, तेव्हा हे काम चालू असताना खोलीत उदबत्तीही नको.