जानेवारीत कोंबडी खुडूक झाली तर

पौष-माघात गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसू लागली, की दोन-तीन दिवसांत ठरवावं: अंड्यांवर बसवायची, की खुडूकपणा मोडायचा. तशीच रिकाम्या पाटीवर (टोपलीत) राहू दिली तर ती अंडी देत नाही, पिल्लंही काढत नाही, नुसती वाळत जाते. शिवाय बाकीच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात आणि ती उबेने खराब होतात.

जागा आणि देखरेख असेल तर बसवावीच. जानेवारीअखेर बसवलेल्या कोंबडीची पिल्लं 21 दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघतात. विदर्भ-मराठवाड्यात कडक ऊन तापेपर्यंत त्यांना बऱ्यापैकी पिसं आलेली असतात. एप्रिल-मेमध्ये बसवताना मोठी अडचण साठवलेल्या अंड्यांची. साधारण 21 अंशांच्या वर हवा गेली की आतला गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कोंबडीखाली जाण्याआधीच कमकुवत होतो किंवा मरतो. थंडीत ही भीती कमी असते.

आधी कोंबडी खरोखर बसणार का ते पाहावं. दोन रात्री ती दांडीवर न जाता पाटीवरच राहिली, हात लावताच अंग फुगवून कुरकुरली, पोटावरची पिसं उपटू लागली आणि दिवसातून एकदाच, मोठी व उग्र वासाची विष्ठा टाकू लागली, तर ती पक्की. तोवर तिच्याखाली दोन-तीन टाकाऊ अंडी ठेवावीत. पहिल्यांदाच खुडूक झालेल्या तलंगेवर (तरुण कोंबडीवर) सगळी चांगली अंडी लावू नयेत. अशा तलंगा कधीकधी आठ-दहा दिवसांनी उठून जातात. कडकनाथ ही जात तर बसण्याच्या बाबतीत बेभरवशाचीच. तिची अंडी गावठीखाली घालावीत.

पाटी साधारण 40 सेंटिमीटर रुंद घ्यावी. तळाला चार बोटं कोरडी माती, त्यावर चाळलेली राख आणि वर भाताचा पेंढा, मधे किंचित खोलगट. मातीमुळे अंडी घरंगळत नाहीत. राखेने उवा-पिसवांचा त्रास कमी होतो, आणि हा त्रास वाढला की कोंबडी अंडी सोडते. अंड्यांत लोखंडाचा तुकडा किंवा मिरची ठेवण्याची रीत आहे. त्याने नुकसान नाही, पण राखेचं काम ती करत नाही.

अंडी सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली. साठवताना निमुळतं टोक खाली ठेवावं. गावठीखाली 10 ते 12 पुरेत. निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात 9-10च ठेवावीत, कारण काठावरची अंडी पहाटे गार पडतात आणि कोंबडी ती आत-बाहेर फिरवत असल्याने नुकसान सगळ्यांचंच होतं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे नंतर घातलेलं अंडं लगेच ओळखू येतं. ते रोज काढून घ्यावं. कोंबडी रात्रीच बसवावी.

तिला अख्खी ज्वारी किंवा मका आणि पाणी पाटीपासून चार-पाच फुटांवर द्यावं. भरड्याने (भरडलेल्या धान्याने) विष्ठा पातळ होते आणि अंडी बरबटतात. रोज 15-20 मिनिटं ती उठलीच पाहिजे. उठत नसेल तर पंखाखाली अंडी अडकलेली नाहीत हे पाहून हळूच उचलून खाली ठेवावी.

सातव्या रात्री टॉर्चवर अंडी तपासावीत. लाल शिरांचं जाळं दिसलं तर गर्भ आहे. अंडं स्वच्छ दिसलं तर वांझ, काढून टाकावं. बहुतेक सगळीच वांझ निघाली तर कोंबड्याकडे बघावं: आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा लागतो. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. पठारावरची हवा या दिवसांत कोरडी असते, म्हणून पाटीभोवतीची जमीन रोज शिंपडून ओलसर ठेवावी. कोरड्या हवेत आतला पापुद्रा वाळून पिल्लू अडकतं.

पिल्लं नको असतील तर तारेच्या जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून फूटभर उंच ठेवावा. आत पेंढा नाही, पोतं नाही. दाणा-पाणी मात्र पूर्ण. खालून हवा लागून पोट गार राहिलं आणि घरटं मिळालं नाही की खुडूकपणा उतरतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पिंजऱ्यात घातली तर तीन-चार दिवस पुरतात, आठवडाभर बसलेलीला जास्त लागतात. रात्री पिंजरा छपराखाली, वाऱ्याच्या आडोशाला घ्यावा. उपाशी ठेवणं, नाकात पीस खुपसणं, जानेवारीच्या गारठ्यात पाण्यात बुडवणं हे प्रकार करू नयेत. त्याने पक्षी खंगतो, आजारी पडतो आणि अंडी आणखी लांबतात.

सोडल्यावर ती दाणे टिपत फिरली आणि संध्याकाळी दांडीवर गेली तर काम झालं. परत पाटीकडे धावली तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यातच.