शेततळ्यातले मासे, औषधाची बाटली आणि पाण्याचा हिशेब

उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात यायचा विचार करणारी पोरं हमखास विचारतात, "समुद्र नाही, उन्हाळ्यात प्यायला टँकर, मग मराठवाड्यात मासे शिकून करायचं काय?" काम आहे, आणि त्यातलं बरंचसं शेततळ्यांवर आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर कुणी सरकारी परीक्षा देतं, कुणी स्वतःचं तळं करतं, कुणी खाद्य-औषधांच्या कंपनीत फिरतीवर लागतं. मी फिरतीवर आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

फोन बहुधा एकाच प्रश्नाचा येतो. "सर, माशे वर यायलेत, कोणतं औषध टाकू?" पहाटे मासे वर तोंड काढत असतील तर बहुतेक वेळा पाण्यात प्राणवायू कमी पडलेला असतो. त्यावर बाटली नाही. ताजं पाणी सोडा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, खाद्य थांबवा. पण आपण पोचेपर्यंत कुणीतरी हिरवट पाण्यावर मोरचूद, म्हणजे शेवाळ मारणारं तांब्याचं क्षार, सुचवलेलं असतं. शेवाळ एकदम मरतं, कुजताना उरलासुरला प्राणवायूही ओढून घेतं आणि तांबं गाळात बसतं.

खरी गोम मात्र हिशेबात आहे. औषधाचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाखांत एक भाग) देतात; एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी पाठ होतं. आता ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं घ्या. काठांचा उतार एकास एक धरला तर भरल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी. मे महिन्यात तेच एक मीटरवर आलं की उरतं सव्वासहा लाख. श्रावणात लिहून दिलेला डोस तेव्हा टाकला तर तो साडेतीन पट होतो. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवली तरी आधी काठीने खोली मोजा.

माशांवरच्या उवांना, म्हणजे आर्ग्युलसला, सर्रास सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन ही कीटकनाशकं मारतात. आर्ग्युलस कवचधारी जीव; तळ्यात पाळला जाणारा कटला मासा ज्यावर वाढतो ते डॅफ्नियासारखे सूक्ष्म जीवही त्याच गटातले. ऊ जाते, सोबत कटल्याचं ताटही जातं. शिवाय हेच पाणी ठिबकवाटे मोसंबीला जातं, गुरंही पितात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं आणि मॅलॅकाइट ग्रीन खायच्या माशांसाठी बंदच आहेत. शोभेच्या माशांच्या दुकानात मॅलॅकाइट ग्रीन सहज मिळतं, म्हणून ते चालतं असा गैरसमज दिसतो.

अस्तर नसलेल्या तळ्यात नको असलेले मासे काढायला मोहाची पेंड मला पटते. हेक्टरी, मीटरभर पाण्याला २,५०० किलो लागते. विषार पंधरा-वीस दिवसांत ओसरतो आणि पेंड खत होऊन जाते. बोटुकली (बोटभर आकाराची पिल्लं) त्यानंतरच सोडायची. चुना सकाळी टाका. दुपारी पाण्याचा सामू (पीएच) आधीच चढलेला असतो, त्यात चुना पडला की अमोनिया जास्त विषारी होतो.

नोकरीच्या मुलाखतीत पगाराच्या आधी टार्गेट विचारा. ते विकलेल्या बाटल्यांवर असेल तर "औषध नको" हे वाक्य तुम्हाला महाग पडेल. पाणी तपासायचं किट देतात का, हेही विचारा. नाही दिलं तर स्वतः घ्या. प्राणवायू, सामू, अमोनिया आणि क्षारता (अल्कलिनिटी) मोजणारं साधं किट गाडीच्या डिकीत मावतं.