'ग्रेस' म्हणजे पाऊल

सोलापूरच्या अभ्यासिकेत बसून इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा एक लॅटिन धातू पक्का करा: 'ग्राडी', म्हणजे पाऊल टाकणे. इंग्रजीत तो 'ग्रेस' (gress) किंवा 'ग्रेशन' (gression) होऊन येतो. आपल्या 'क्रम'चाही मूळ अर्थ पाऊल टाकणे हाच, त्यामुळे जोड्या सुरेख जुळतात! 'अॅग्रेशन' म्हणजे आक्रमण, 'ट्रान्सग्रेशन' म्हणजे अतिक्रमण. 'प्रो' म्हणजे पुढे, म्हणून 'प्रोग्रेस'. 'कॉन' म्हणजे एकत्र, म्हणून 'काँग्रेस'. 'अॅग्रेशन'मध्ये 'अॅड' या उपसर्गातला डी बदलून जी झाला, म्हणून स्पेलिंगमध्ये दोन जी. परीक्षेत नेमका तिथेच एक गळतो. 'टायग्रेस' मात्र या घरातला नाही. तिथला 'एस' (ess) स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. रोज चारच शब्द घ्या, दुसऱ्या दिवशी उपसर्ग झाकून अर्थावरून तो आठवा.