दीडशे अर्ज केले, एकही फोन नाही? नव्या इंजिनिअरनी या चुका टाळा

“दीडशे ठिकाणी अप्लाय केलं, कुठूनच काही आलं नाही.” नुकतीच डिग्री हातात पडलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य मी सतत ऐकते. त्यावर बहुतेकांनी शोधलेला उपायही ठरलेला असतो: आणखी दीडशे अर्ज, नाहीतर आणखी एक सर्टिफिकेट कोर्स. सर्किट चाललं नाही तर हीच मुलं आधी सप्लाय तपासतात, मग एकेक पॉइंट मोजत पुढे जातात. स्वतःच्या नोकरीच्या बाबतीत मात्र बिघाड कुठे आहे ते न बघता सगळे पार्ट बदलत सुटतात.

म्हणून पहिली चूक हीच. आपण नेमके कुठे अडकतोय, हे न बघणं. कॉलच येत नसेल तर गडबड रेझ्युमेत आहे, किंवा अर्ज चुकीच्या जागांसाठी जातायत. ऑनलाइन टेस्टपर्यंत पोहोचून तिथे गळत असाल तर रेझ्युमेला हात लावू नका, त्याने त्याचं काम केलंय. टेस्टचा सराव हवा. पहिल्या मुलाखतीतच थांबत असाल तर रेझ्युमेत लिहिलेलं तुम्हाला नीट सांगता येत नाहीये. एक साधी एक्सेल शीट करा: तारीख, कंपनी, पद, रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली, अर्ज कुठून केला, कुठे थांबलं. तीस-चाळीस ओळी भरल्या की दुखणं कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

सुंदर दिसणारी, पण वाचता न येणारी फाइल

दोन कॉलम, रंगीत पट्ट्या, “जावा”पुढे पाचपैकी चार भरलेले ठिपके. असे टेम्प्लेट फुकट मिळतात आणि दिसतातही छान. पण अनेक कंपन्यांत तुमची फाइल आधी एक सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यातला मजकूर रकान्यांत भरतं. दोन कॉलम असले की ते कधीकधी डावी आणि उजवी ओळ एकत्र जोडून वाचतं. हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर काही वेळा वगळला जातो. ठिपक्यांचा अर्थ तर माणसालाही लागत नाही. चार ठिपके म्हणजे नेमकं किती जावा?

तपासायला दोन मिनिटं लागतात. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, फोन, शिक्षण, प्रोजेक्ट याच क्रमाने नीट वाचता आलं तर फाइल ठीक आहे. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र आहे. आणि पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. मजकूर वेगळा काढला की ते सगळं उघड दिसतं, आणि मग बाकीच्या रेझ्युमेवरचाही विश्वास उडतो.

प्रोजेक्टचं फक्त नाव लिहिणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. फ्रेशरकडे नोकरीचा अनुभव नसतोच, फ्रेशरच्या जागेसाठी तो सहसा कुणी मागतही नाही. प्रोजेक्ट हाच त्याचा अनुभव, आणि त्याचाच मजकूर दीड ओळीत उरकलेला असतो. एका मुलीच्या रेझ्युमेत होतं: “आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टीम. अर्डुइनो व सॉइल मॉइश्चर सेन्सर वापरले. टीमवर्क शिकले.”

मी विचारलं, “यात तुझं काम काय होतं?”

“मॅडम, आम्ही चौघांनी मिळून केलं.”

“बरं, सगळ्यात जास्त त्रास कशाने दिला?”

इथे ती खुलली. सेन्सरच्या पट्ट्या तीन आठवड्यांत गंजायच्या आणि रीडिंग भरकटायचं. दोनदा सेन्सर बदलून झाला. मग तिच्या लक्षात आलं की ओल्या मातीत रोवलेल्या पट्ट्यांना चोवीस तास डीसी व्होल्टेज मिळतंय, म्हणजे तिथे इलेक्ट्रोलिसिसच चाललंय. तिने सेन्सरचा सप्लाय अर्डुइनोच्या, म्हणजे त्या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या, एका डिजिटल पिनवर घेतला. दर १५ मिनिटांनी पिन चालू, दहा रीडिंगची सरासरी, पिन बंद. पुढचा सेन्सर सबमिशनपर्यंत, दहा आठवडे टिकला.

यातलं एक अक्षरही रेझ्युमेत नव्हतं! आम्ही तिथेच बसून ते नव्याने लिहिलं: “सततच्या डीसी व्होल्टेजमुळे ओलावा सेन्सर ३ आठवड्यांत गंजत होता. फक्त रीडिंगच्या वेळी वीज देणारं सर्किट व कोड केला. नंतरचा सेन्सर १० आठवडे चालला. ४ जणांच्या टीममध्ये हार्डवेअर व फर्मवेअर माझ्याकडे.” अडचण काय होती, मी काय केलं, त्याने काय बदललं. मेकॅनिकलचा जिग असो की सिव्हिलचं मिक्स डिझाइन, या तीन गोष्टी लिहिल्या की वाचणाऱ्याला तुमचं काम दिसतं.

आकडे मात्र स्वतः मोजलेलेच टाका. “कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली” असं दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती होती, किती झाली आणि मोजली कशी? बरेच जण इथे गप्प होतात. एआयकडून भाषा दुरुस्त करून घ्या, हरकत नाही. मजकूरच त्याच्याकडून लिहून घेतला तर तीच गुळगुळीत वाक्यं शेकडो रेझ्युमेत येतात आणि तुमची गंजलेली पट्टी हरवून जाते.

स्किल्सची यादीही अशीच फुगते. एका सेमिस्टरला हात लावलेलं मॅटलॅब, एका व्हिडिओपुरतं पाहिलेलं डॉकर. रेझ्युमेत जे जे आहे त्यावर प्रश्न येणार असं धरून चाला. वीस नावांपैकी ज्यावर दहा मिनिटं बोलता येईल तेवढीच ठेवा, सात उरली तरी चालतील.

एकच रेझ्युमे सगळीकडे

दरवेळी नवा लिहायची गरज नाही. सगळं असलेली एक मोठी फाइल स्वतःकडे ठेवा आणि जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे जागेच्या जाहिरातीतलं कामाचं वर्णन) वाचून त्यातून एका पानाचा रेझ्युमे काढा. टेस्टिंगची जागा असेल तर टेस्टिंग केलेला प्रोजेक्ट वर. जेडीत जो शब्द आहे तोच वापरा, अर्थात ते काम खरंच केलं असेल तर. अटी निम्म्याहून जास्त जुळत असतील तर बिनधास्त अर्ज करा. पाच वर्षांचा अनुभव मागितलेल्या जागांवर वेळ घालवू नका.

बाकी किरकोळ: “आव्हानात्मक संस्थेत प्रगती साधणे” छापाचं ऑब्जेक्टिव्ह काढून टाका. फाइलला “फायनल नवीन २” नको, स्वतःचं नाव आणि पद द्या. गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा, रेपो, म्हणजे तुमच्या कोडचं फोल्डर, कधीकधी प्रायव्हेट राहिलेला असतो. गॅप असेल तर खरं कारण एका ओळीत लिहा.

ओळखीच्या सीनियरला “प्लीज रेफर करा” एवढाच मेसेज पाठवला तर त्यांनी करायचं काय? पदाची लिंक, रेझ्युमे, आणि या पदाला जुळणारं तुमचं एक काम दोन ओळींत द्या. त्यांना तसंच पुढे पाठवता आलं पाहिजे.

शेवटी एक गोष्ट फार कळकळीने सांगते. चार-सहा महिने हाती काही लागलं नाही की माणूस घायकुतीला येतो, आणि फसवणारे त्याचीच वाट बघत असतात. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंगची फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, कारण काहीही सांगोत, नोकरी देण्यासाठी कुणी तुमच्याकडेच पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. ऑफर लेटर आलं असेल तर कंपनीच्या मूळ वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे फोन करा, लेटरवर छापलेल्या नंबरवर नाही.